सिवा : मीठ आणि खजूर

सिवाचं नाव निघालं की पाठोपाठ अलेक्झांडर येतो. इ. स. पूर्व ३३१ मध्ये इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातून तो अमोन देवाला कौल लावायला इथे आला. वाटेत त्याला रस्ता कोणी दाखवला, यावर त्याच्या सोबत्यांचंही एकमत नाही. टॉलेमी म्हणतो सापांनी, अरिस्टोबुलस म्हणतो कावळ्यांनी. या दोन्ही हकिकती नोंदवणाऱ्या आरियनने पुढे जाता जाता आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. इथे जमिनीतून खणून मीठ काढतात आणि देवाचे पुजारी ते खजुराच्या पात्यांच्या टोपल्यांतून इजिप्तला नजराणा म्हणून नेतात. मला साप-कावळ्यांपेक्षा ही टोपली मोलाची वाटते. सिवाचा पुढचा सगळा इतिहास तिच्यात मावतो.

स्थानिक परंपरेनुसार १२०३ मध्ये टोळ्यांच्या धाडींना कंटाळलेल्या मोजक्या घरांनी टेकडीवर शाली हे तटबंद गाव वसवलं. भिंती करशीफच्या, म्हणजे खाऱ्या तळ्याकाठचे मिठाचे खडे आणि चिखल यांच्या. तुळया खजुराच्या खोडांच्या. तटाबाहेर राहायची सोय नव्हती, म्हणून घरावर घर चढत गेलं. दिवसा खाली खजुराच्या राईत काम, रात्री तटाच्या आत. १८२० मध्ये महंमद अलीच्या फौजेने सिवा जिंकल्यावर लोक हळूहळू खाली उतरले. १९२६ मध्ये सलग तीन दिवस पाऊस पडला. जिथे पाऊस जवळपास नसतोच, तिथे मिठाचं गाव विरघळलं.

अघुर्मीला कौलाच्या देवळापाशी उभं राहिलं, की खाली खजुरांचे शेंडे आणि त्यापलीकडे चकाकणारी तळी दिसतात. वाळवंटातल्या गावाला पाण्याची टंचाई असणार, असं आपण धरून चालतो. सिवाचं दुखणं उलटं आहे. हा खोलगट भाग समुद्रसपाटीच्याही खाली. पाणी बाहेर जायला वाट नाही. पूर्वी झऱ्यांचं पाणी बेतानं बागांत फिरे. गेल्या काही दशकांत विहिरी बेसुमार खोदल्या गेल्या. बागांतून झिरपलेलं पाणी तळ्यांत साचतं, उन्हानं उडून जातं, मीठ मागे राहतं. तळी पसरतात, जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते आणि कडेच्या बागांतली मुळं खाऱ्या पाण्यात गुदमरतात. खजूर बराच खारेपणा सोसतो. त्याच्या सावलीत लावलेलं ऑलिव्ह तेवढं सोसत नाही. त्यामुळे आधी सुकतं ते ऑलिव्ह.