दिनविशेष : २६ सप्टेंबर
मार्क्विस वेलस्ली : किताब बुडाला

२६ सप्टेंबर १८४२ रोजी लंडनमध्ये रिचर्ड वेलस्ली यांचे निधन झाले आणि 'मार्क्विस वेलस्ली' हा आयरिश किताब त्यांच्याबरोबरच संपला. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर, डिसेंबर १७९९मध्ये तो त्यांना मिळाला होता. तोही त्यांना कमीपणाचा वाटला. ब्रिटिश किताबाची आस असलेल्या या गव्हर्नर जनरलने त्याची संभावना 'सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा' अशी केली!

वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला कंपनीच्या दावणीला बांधणारे ते हेच वेलस्ली. असईची लढाई जिंकणारा आर्थर त्यांचा धाकटा भाऊ. मुलाला दत्तक घेऊन गादी चालवण्याची आपल्याकडची सोय आयरिश सरदारकीत नव्हती. वेलस्लींना पहिल्या पत्नीपासून पाच अपत्ये होती, त्यांत तीन मुलगे. पण सगळी १७९४च्या विवाहापूर्वीची, म्हणून कायद्याने वारस नव्हेत. वडिलार्जित 'अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' किताब भाऊ विल्यमकडे गेला. आज तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घराण्यात आहे. किताब बुडाला, रक्त मात्र वाहते राहिले. वेलस्लींची मुलगी ॲन ही राणी दुसऱ्या एलिझाबेथची थेट पूर्वज. म्हणजे आजचे राजे चार्ल्स वेलस्लींचेच वंशज आहेत.