उन्हाळी संशोधन प्रशिक्षण
पदवी पातळीवरील विद्यार्थ्याने सुटीत एखाद्या संशोधकाच्या हाताखाली छोटा प्रकल्प करण्याची पद्धत. पीएच.डी.कडे वळण्याआधीची ही चाचपणी. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात ‘इंटर्नशिप’ म्हटले, की भोसरी-चाकणच्या कारखान्यातील प्रशिक्षणच आठवते. तिथे काम ठरलेले असते. संशोधनात प्रश्नच आधी नीट मांडावा लागतो. (या पट्ट्याला संशोधन परके नाही : पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध शोधले गेले.)

आकुर्डी-निगडीच्या विद्यार्थ्याला जवळची ठिकाणे पुण्यातच आहेत. ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या सुटीतील कार्यक्रमात मे-जूनमध्ये मार्गदर्शकाबरोबर प्रकल्प करावा लागतो, उत्तम काम आणि मुलाखत यांवर पीएच.डी.साठी पूर्वनिवडही होऊ शकते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा असाच कार्यक्रम असून तिचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुण्यात आहे. या केंद्राची ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण चाकणवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावजवळ, खोडद येथे आहे. याशिवाय बंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त शिष्यवृत्ती साधारण दोन महिन्यांची असते.

दोन महिन्यांत शोधनिबंध क्वचितच होतो, आणि तशी अपेक्षा धरणे चूकच. फसलेला प्रयोग नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिणे, आकडेमोड पुन्हा तपासणे, आपले काम इतरांसमोर मांडणे ही खरी कमाई. मार्गदर्शकाने जवळून पाहिलेल्या कामामुळे त्याच्या शिफारसपत्रालाही वजन येते. अर्ज बहुधा हिवाळ्यातच मागवले जातात. परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्याची संधी हुकते.