शस्त्रकर्मांतील प्रतिबंधक औषध : एक कालनिर्णय

शस्त्रकर्मानंतर जखम पिकूं नये म्हणून प्रतिजैविक औषध केव्हां द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यांचा आहे. परंतु त्याचा निर्णय कसा लागला हा इतिहासाचा विषय असल्यामुळें तो येथें थोडक्यांत मांडतों.

सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग केले आहेत. व्रणास गुग्गुळ, वेखंड, मोहरी, निंबाचीं पानें इत्यादिकांचा धूप द्यावा, असेंही तेथें सांगितलें आहे. एवढ्यावरून सुश्रुतास जंतुशास्त्र अवगत होतें असें म्हणणें प्रमाणास सोडून होईल. तो धूप वेदना व राक्षस यांच्या निवारणार्थ आहे. आम्ही त्याच्यापासून केवळ वरील विभागणी घेतों, कारण पुढील वादाचें मर्म तींत आहे.

लिस्टरनें १८६७ सालीं कार्बोलिक आम्लाची योजना प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेनिसिलिन हातीं आलें. पुढील दशकांत शस्त्रवैद्य असें औषध बहुधा शस्त्रकर्म आटोपल्यावर सुरू करीत आणि कित्येक दिवस चालवीत. त्याचा उपयोग होत नाहीं, असे अनेक वृत्तांत तेव्हां प्रसिद्ध झाले. हा पूर्वपक्ष होय.

त्याचें उत्तर जॉन बर्क या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९६१ सालीं दिलें. त्यानें गिनीपिगांच्या त्वचेंत जंतु घालून निरनिराळ्या वेळीं औषध दिलें. जंतु शिरण्यापूर्वीं औषध शरीरांत असलें तर गुण सर्वाधिक येई. तीन तासांनंतर दिल्यास बहुतेक कांहींच येत नसे. म्हणजे पूर्वीच्या वृत्तांतांत पूर्वकर्मांतील औषध पश्चात्कर्मांत पडलें होतें.

मनुष्यांविषयींचें ठळक प्रमाण १९९२ सालचें, अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी येथील आहे. २,८४७ रोग्यांपैकीं ज्यांना छेदापूर्वीं दोन तासांच्या आंत औषध मिळालें, त्यांत शेंकडा ०.६ जखमा दूषित झाल्या. छेदानंतर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३.३ होतें, आणि दोन तासांहून फार आधीं मिळालेल्यांत ३.८. हें निरीक्षण आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तथापि बर्कच्या प्रयोगाशीं तें जुळतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं असा निर्णय दिला कीं, जेथें औषध अवश्य असेल तेथें तें छेदापूर्वीं १२० मिनिटांच्या आंत द्यावें, व प्रतिबंधासाठीं म्हणून शस्त्रकर्म संपल्यावर पुढें चालवूं नये. असें असतांही शस्त्रकर्मानंतर कित्येक दिवस मात्रा देत राहण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. तिनें रोग्याचें रक्षण वाढत नाहीं; उलट औषधास दाद न देणारे जंतु माजतात, आणि पुढील रोग्याच्या वेळीं तेंच औषध कुचकामी ठरण्याची भीति असते.

एखादा उपाय निष्फळ झाला असें साधनांवरून दिसल्यास तो कोणत्या क्रमानें योजिला होता हें आधीं तपासावें, असा बोध आमच्या मतें या प्रकरणावरून संशोधकानेंही घेण्यासारखा आहे.