मानवत मर्डर्स : निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींतून आलेलं खरं प्रकरण काय होतं?

४ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मराठी वेब सिरीज आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. आशुतोष गोवारीकर पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर. रमाकांत कुलकर्णी या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींच्या पुस्तकावर ती आधारलेली आहे.

सिरीजमुळे अनेकांनी मानवतचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पण आधीच्या पिढीला हे प्रकरण पाठ होतं.

मानवतमध्ये नेमकं काय घडलं होतं?

मानवत हे परभणी जिल्ह्यातलं गाव. कापसाच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. त्याच वर्षाच्या अखेरीस मानवतच्या परिसरात मृतदेह सापडू लागले. बळी पडलेल्यांत लहान मुली आणि स्त्रिया होत्या. हे सत्र १९७४ च्या सुरुवातीपर्यंत चाललं. लोकांनी मुलींना घराबाहेर पाठवणं बंद केलं.

तपासातून जे समोर आलं ते खुनांइतकंच भयंकर होतं. पिंपळावरच्या मुंजाला प्रसन्न करायचं, म्हणजे गुप्तधन मिळेल आणि मूल होईल, या समजुतीतून हे नरबळी दिले गेले असा पोलिसांचा आरोप होता. गावातल्या एका वजनदार माणसाचं आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या स्त्रीचं नाव सूत्रधार म्हणून पुढे आलं.

रमाकांत कुलकर्णी कोण होते?

मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या लोकांना मारणारा रमण राघव १९६८ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला. तेव्हा मुंबई गुन्हे शाखेची सूत्रं कुलकर्णींकडे होती. त्या तपासाने त्यांचं नाव झालं. पुढे मानवतच्या तपासासाठी त्यांनाच पाठवण्यात आलं. नंतर ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी इंग्रजीत 'फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम' हे पुस्तक लिहिलं. सिरीजचा आधार हेच पुस्तक.

मुंबईचा अधिकारी परभणीत कशाला?

हे समजायला ठाणे जिल्ह्याचं उदाहरण सोपं आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. तिथे गंभीर गुन्ह्यांचा तपास आयुक्तालयाची गुन्हे शाखा करते. पण कल्याणहून बस पकडून मुरबाडला गेलात, किंवा लोकलने आसनगावला उतरून शहापूरला, की हद्द बदलते. तिथे ठाणे ग्रामीण पोलीस. प्रमुख पोलीस अधीक्षक आणि तपासाला स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजेच बातम्यांत दिसणारी एलसीबी.

म्हणजे एका आयुक्तालयाचा अधिकारी स्वतःहून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन तपास हाती घेऊ शकत नाही. सरकारने जबाबदारी द्यावी लागते.

शहरातून आलेल्या अधिकाऱ्यापुढे अडचणीही वेगळ्या असतात. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तरीही कोणी बोलत नाही. ज्याच्या विरोधात साक्ष द्यायची त्याच्याच शेतावर मजुरीला जायचं असतं. अधिकारी तपास संपवून निघून जाणार, साक्षीदाराला मात्र तिथेच राहायचं असतं.

आरोप झाले. सगळे दोषी ठरले का?

नाही. सिरीज पाहणाऱ्यांच्या नजरेतून हाच भाग निसटतो. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सगळ्यांची शिक्षा वरच्या न्यायालयांत टिकली नाही. काहींची कायम राहिली, पण ज्यांना सूत्रधार म्हटलं गेलं ते दोघं अखेर सुटले.

असं का होतं? भारतीय कायद्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीने सांगितल्यावरून हत्यार किंवा कपडे सापडले, तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. कट रचणारा मात्र हत्याराला हातही लावत नाही. त्याच्याविरुद्ध बहुतेकदा सहआरोपींचं म्हणणं किंवा माफीच्या साक्षीदाराची जबानी असते, आणि तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल तर न्यायालयं सहसा त्यावर विसंबत नाहीत.

हा नियम मारहाण करून कबुली घेतली जाऊ नये म्हणून आहे. त्याची सर्वाधिक गरज पारधी समाजासारख्यांना पडते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय संपला नाही. मानवत प्रकरणातही पारधी समाजाचं नाव आलं आणि मोजक्या आरोपींपायी पूर्ण समाजाकडे बोट दाखवलं गेलं.

म्हणून अधिकाऱ्याच्या आठवणी आणि न्यायालयाचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवणींत त्याला काय पटलं ते कळतं. निकालात काय सिद्ध झालं ते कळतं.

याआधी यावर काही आलं होतं?

हो. अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'आक्रीत' (१९८१) याच प्रकरणावरून सुचलेला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची होती.

आज असं काही कानावर आलं तर?

मानवतच्या वेळी नरबळीविरोधी वेगळा कायदा नव्हता. तो येण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला.

या कायद्याखाली ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं किंवा त्यासाठी दुसऱ्याला प्रवृत्त करणं, दोन्ही त्यात येतं. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि ती जबाबदारी पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. खून होईपर्यंत थांबायची गरज नाही. गुप्तधनाच्या पूजेसाठी लहान मूल मागितलं जातंय असं कळलं, तर तेवढ्यावरही जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.