सुईचे टोक कोणी काढले?

आमची एक भाची गोधड्यांचे नमुने करते. आमच्या आजीची वाकळ म्हणजे जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून आडवे-उभे धावदोरे घातलेली. भाचीच्या गोधडीचे आधी आलेखाच्या कागदावर चित्र होते, मग कोन मोजले जातात आणि त्यानंतर कापडाला हात लागतो. मागच्या दिवाळीत तिची शिवणाची खोली पाहताना आम्ही सहज विचारले, की यातले तुझे सर्वांत आवडते हत्यार कोणते? ती शिलाई मशीनकडे बोट दाखवील अशी आमची अटकळ होती.

तिने आधी गोल पात्याची फिरती सुरी दाखवली. जपानच्या ओल्फा कंपनीने ती १९७९ साली बाजारात आणली आणि गोधडी करणाऱ्यांनी पुढे ती उचलून धरली. कात्री चालवायची तर तिचे एक पाते कापडाखाली घालावे लागते. त्यामुळे कापड उचलले जाते आणि थर एकमेकांवरून सरकतात. चाकाखाली कापड पडूनच राहते, म्हणून चार-सहा थर एका रेषेत कापता येतात. मग तिने पारदर्शक जाड पट्टी, खडू, अंगुस्तान अशा वस्तू दाखवल्या आणि शेवटी डब्यातून सुयांची एक पुडी काढली. "मामा, बाकी सगळ्याला पर्याय आहे. हिला नाही."

पुडीतल्या सुया जेमतेम इंचभर लांब होत्या. एवढ्या आखूड कशासाठी? गोधडीत वरचे कापड, मधला कापूस आणि खालचे कापड अशा तीन थरांतून सुई तिरपी वरखाली करीत न्यावी लागते. एका टोकाला धरलेल्या काडीवर आडवा जोर दिला तर तिचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी निम्मी केली की त्याच जोराने ती पूर्वीच्या एक-अष्टमांशच वाकते. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे सूत्र ठाऊक नसेल, पण त्यांनी आखूड सुई निवडली ती याच कारणाने.

सुईच्या टोकाचेही एक गणित करून पाहण्यासारखे आहे. टोकाचा व्यास ०.०५ मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.००२ चौरस मिलिमीटर येते. बोटाने एक न्यूटन, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर टोकाखालचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पाच हजार पट होतो. कापड बिचारे काय करणार! तेवढाच जोर सुईचे दुसरे टोक आपल्या बोटावर उलटा लावते. नेढ्याकडची बाजू बोथट असली तरी दिवसभरात हजार टाके घालणाऱ्या बोटाला ती पुरेशी बोचते, म्हणून अंगुस्तान. न्यूटनचा तिसरा नियम शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणे कठीण आहे.

दुर्योधनाने सुईच्या अग्रावर राहील एवढी माती द्यायचेही नाकारले, हे आपण मुलांना सांगतो. ते अग्र सुईला येते कसे, हे मात्र आम्ही स्वतः चाळिशी उलटेपर्यंत कधी विचारले नव्हते.

सुई फार जुनी आहे. सायबेरियातल्या उत्खननांत नेढे पाडलेल्या हाडाच्या सुया मिळाल्या आहेत, त्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. शेतीच्या कितीतरी आधी माणूस कातडी शिवत होता. पोलादाची बारीक, गुळगुळीत, न वाकणारी सुई मात्र अलीकडची, आणि ती घरोघर पोचण्याइतकी स्वस्त झाली ती मुख्यतः इंग्लंडातल्या रेडिच या लहानशा गावामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातल्या बहुतेक सुया या गावात आणि त्याच्या आसपास बनत. भाचीच्या हातातली पुडी नीलगिरीतल्या केट्टी गावच्या कारखान्यातली होती. तो कारखाना चालवणारी कंपनी १९४९ साली काढली ती रेडिचजवळच्या स्टडली गावातल्या सुईवाल्यांनीच. तेव्हा पुण्यातल्या त्या गोधडीचा धागा रेडिचपर्यंत जातो, असे म्हणायला हरकत नाही.

रेडिचची पद्धत अशी होती. पोलादी तारेचे दोन सुयांच्या लांबीएवढे तुकडे करायचे, तापवून आणि लाटून ते सरळ करायचे, मग दोन्ही टोकांना अग्र काढायचे. त्यानंतर मधोमध ठोकून शेजारीशेजारी दोन नेढी पाडायची आणि तुकडा मधून मोडायचा, की दोन सुया झाल्या. पुढे त्यांना पाणी द्यायचे, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कठीण करायचे आणि पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करायचा. शेवटी हजारो सुया कुरुंदाची पूड आणि मऊ साबण यांसह जाड कापडात गुंडाळून ती वळकटी पाणचक्कीवर चालणाऱ्या जड फळ्यांखाली दिवसचे दिवस मागेपुढे लोळवायची. असे काम करणारी तिथली फोर्ज मिल १९५८ पर्यंत चालू होती. आज तिथे संग्रहालय आहे.

घासून निघालेल्या सुयांची तोंडे अर्थातच दोन्हीकडे असत. ती एका बाजूला कशी आणायची? गणकयंत्रामुळे आपल्याला माहीत असलेल्या चार्ल्स बॅबेजने १८३२ च्या आपल्या कारखानदारीवरील पुस्तकात याची युक्ती लिहून ठेवली आहे. किंचित खोलगट तबकात सुया टाकून हलवल्या की त्या आपोआप एकमेकींना समांतर होतात. मग एक मूल उजव्या तर्जनीला कापडाची टोपी घालून सहा ते बारा सुयांच्या टोकांवर ते बोट हलकेच दाबते. ज्यांचे अग्र त्या बाजूला आहे त्या टोपीत रुततात, ज्यांचे नेढे आहे त्या रुतत नाहीत. बोट उचलले की निवड झाली. बॅबेजला यातल्या युक्तीचे कौतुक वाटले. आम्हालाही वाटले. ते बोट मुलाचे होते, हे आमच्या ध्यानात दुसऱ्या वाचनाच्या वेळी आले.

आता अग्र काढणाऱ्या माणसाकडे वळू. तो वालुकाश्माच्या वेगाने फिरणाऱ्या चाकासमोर बसे. पन्नास-शंभर तारा दोन्ही हातांत पंख्यासारख्या पसरून तळव्याने आणि अंगठ्याने त्या सगळ्या एकाच वेळी गरगर फिरवीत चाकावर टेकवी. ठिणग्यांचा झोत निघे आणि सर्व तारांना सारखे अग्र येई. हे कौशल्य थोड्यांनाच साधे आणि मजुरी चांगली मिळे. चाकावर पाणी मात्र सोडता येत नसे, कारण बारीक अग्रे गंजली असती. म्हणून काम कोरड्या दगडावर चाले आणि दगडाची व पोलादाची धूळ सरळ नाकातोंडात जाई. वुस्टरचे डॉक्टर जेम्स जॉनस्टोन यांनी या कामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराविषयी टिपण लिहिले, ते १७९९ साली छापले गेले. हे लोक क्वचितच चाळिशी गाठतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हे वाचताना आम्ही नकळत आमचे वय मोजले.

यावर उपाय शोधणारेही होते. १८२० नंतरच्या वर्षांत शेफिल्डच्या जे. एच. अब्राहम यांनी चुंबकाचे साधन तयार केले. तोंडासमोर आणि चाकाभोवती चुंबक बसवायचे, म्हणजे पोलादाचे कण श्वासात जाण्याआधी त्यांना चिकटतील. कल्पना इतकी सुबक की लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना सुवर्णपदक दिले. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनीही विज्ञान माणसाच्या कसे उपयोगी पडते याचे उदाहरण म्हणून या साधनाचा उल्लेख केला.

वाळू आणि लोहकीस यांचे मिश्रण चुंबकाने वेगळे करण्याचा प्रयोग आपण वर्गात नेहमी करतो. लोहकीस वर येतो, वाळू कागदावर राहते. अब्राहमच्या चुंबकाचे नेमके हेच झाले असणार. त्याने पोलाद पकडले आणि वाळू सोडून दिली. आणि घातक होती ती वाळूच. लोखंडाची धूळ फुप्फुसात साठते, क्ष-किरणांच्या चित्रात तिचे ठिपकेही दिसतात, पण तिने फुप्फुसाची फारशी नासाडी होत नाही. वालुकाश्मातले क्वार्ट्झ वेगळे. त्याचे एक-दोन मायक्रॉनचे कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि स्वतःच मरतात, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात फुप्फुसात तंतुमय गाठी होत जातात आणि त्या परत फिरत नाहीत. शिवाय क्षयाला दार उघडते. या विकाराला आज आपण सिलिकोसिस म्हणतो. दोन मायक्रॉनचा असा कण स्थिर हवेत माणसाच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला तासाहून जास्त वेळ घेतो. कारखान्यातली हवा तर कधी स्थिर नसते.

कामगारांनी ते साधन वापरले नाही, पुढे धूळ ओढून नेणारे पंखे आले तेव्हाही त्यांनी विरोध केला. कारण उघड होते. धोका गेला तर या कामाला माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल. पुष्कळ लेखक हे कामगारांच्या अडाणीपणाचे उदाहरण म्हणून देतात. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या माणसाला चाळिशीपर्यंतच कमवायचे आहे आणि मागे कुटुंब आहे, त्याचा हिशेब चुकला असे दुसऱ्याने बसल्या जागी म्हणू नये. चुंबकाच्या बाबतीत तर त्यांनी जे नाकारले ते त्यांना वाचवणारेही नव्हते, अर्थात हे त्यांना किंवा अब्राहमला तेव्हा कळण्याचा मार्ग नव्हता. पंखे मात्र खरोखर उपयोगाचे होते, कारण हवेचा झोत लोखंड आणि दगड असा भेद करीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते रुळले. पुढे अग्र काढणारी यंत्रे आली आणि वालुकाश्माच्या जागी कृत्रिम घर्षकांची चाके आली.

दगड मात्र दुसरीकडे कापला जातच राहिला. मध्य प्रदेशात मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली बनतात. तिथला दगड विजेच्या करवतीने कोरडाच कापला जाई आणि त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा तरुण माणसांतही सिलिकोसिस आढळला. पुढे करवतींना धूळ ओढणारी यंत्रणा जोडण्यात आली. खंबायतला अकीकाचे मणी घासणाऱ्यांचा आजारही हाच.

भाचीला हे सारे सांगितले तेव्हा ती बराच वेळ एक सुई बोटांत फिरवीत होती. मग तिने विचारले, "पण मामा, चुंबकाला सगळी धूळ चिकटत नाही, हे त्या वेळी कोणी एका कागदावर धूळ घेऊन करून पाहिले नव्हते का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.