पंडिता रमाबाईंची श्रद्धा व सेवा

पुणें-मुंबई लोहमार्गावर देहूरोड हें एक लहानसें स्टेशन आहे. लोणावळ्याहून पुण्याकडे येणारी गाडी मावळांतील भातखाचरें मागें टाकून तळेगांव, घोरावाडी, बेगडेवाडी अशीं स्थानकें घेत येथें पोंचते. नांवावरूनच उघड आहे कीं, हें देहू नव्हे, देहूकडे जाण्याची वाट आहे. तुकोबांचें गांव येथून थोड्या मैलांवर, इंद्रायणीच्या कांठीं. स्टेशनाभोंवतीं मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लष्करी कोठारांच्या आश्रयानें निराळीच वस्ती वाढली. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्तें येथें बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तो दिवस नाताळचा होता. वारकरी, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान, शीख अशीं नाना धर्मांचीं माणसें येथें एकाच फलाटावर उतरतात व आपापल्या घराकडे जातात.

अशा ठिकाणीं उभें राहिलें म्हणजे एक जुना प्रश्न मनांत येतो. धर्म माणसाला परलोकाकडे नेतो, कीं शेजाऱ्याच्या दाराकडे? तुकोबांनीं साधूची पारख जटेवरून किंवा सिद्धीवरून केली नाहीं. दुःखिताला जो आपला मानतो, त्याच्या ठिकाणीं त्यांना देव दिसला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते सांगत. म्हणजे देहूची वाट ज्या ठिकाणीं जाते तेथून बेथलेहेम फार दूर नाहीं, असा अनुभव निदान एका मराठी कवीनें तरी घेतला होता. तथापि सेवेनें श्रद्धा व्यक्त करणें हें काव्यांत जितकें सरळ दिसतें तितकें व्यवहारांत नसतें. तें किती अवघड आहे हें पाहावयाचें असेल, तर याच लोहमार्गानें पुणें ओलांडून सोलापूरच्या दिशेनें केडगांवपर्यंत गेलें पाहिजे. पंडिता रमाबाईंचें 'मुक्ति' तेथें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, व आईनें तें मुलीला दिलें. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळांत वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढें बहीणही गेली. उरलेलीं दोघें भावंडें, रमा व श्रीनिवास, अर्धपोटीं पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ही कीर्ति सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या पदव्यांपेक्षां ती भूक अधिक महत्त्वाची आहे. जिनें स्वतः भुकेनें आईबाप जातांना पाहिले, तिला पुढें दुष्काळपीडित मुलगी ही केवळ दयेची वस्तु वाटणें शक्य नव्हतें.

१८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातीचें बंधन मोडून विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारींत पतीही निवर्तले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढें साक्ष दिली, आणि वैद्यकी शिकावी या हेतूनें १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनीसंघाकडे त्या राहिल्या. लंडनच्या फुलॅम भागांत या भगिनींचें एक आश्रयगृह होतें. समाजानें 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथें ठेवीत, त्यांची शुश्रूषा करीत व त्यांना पुन्हां मानानें जगण्यास शिकवीत. रमाबाईंनीं हें पाहिलें मात्र, आणि त्या विचारांत पडल्या. अशा स्त्रीची सांवलीही टाळावी, हें त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. आणि येथें चांगल्या घरांतील शिकलेल्या बायका त्याच स्त्रियांची मायेनें सेवा करीत होत्या! हें तुम्हीं कां करतां, असें त्यांनीं विचारिलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या, परजातीच्या व लोकांनीं नांवें ठेवलेल्या त्या स्त्रीपाशीं ख्रिस्तानें पाणी मागितलें, आणि जें ज्ञान मोठमोठ्या शास्त्र्यांना सांगितलें नव्हतें तें तिला सांगितलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला.

यांतील क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. आधीं सेवा दिसली, मग तिच्या मुळाशीं असलेली श्रद्धा. वेदान्ताचे व पुराणांचे ग्रंथ ज्यांच्या जिभेवर होते अशा पंडितेला ख्रिस्ती ग्रंथांच्या युक्तिवादानें जें पटलें नसतें, तें फुलॅमच्या एका घरानें पटविलें. आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनीं आपली बुद्धि कोणाच्या स्वाधीन केली असेंही झालें नाहीं. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं, चर्चच्या अधिकाराविषयीं त्या आपल्या धर्मगुरूंशीं व भगिनींशीं वर्षानुवर्षें वाद घालीत राहिल्या. चेल्टनहॅम येथें इंग्रज तरुणांस शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. त्यावरही बाईंनीं खरमरीत उत्तरें दिलीं. एका धर्माच्या शास्त्र्यांचें जूं झुगारून दुसऱ्या धर्माच्या शास्त्र्यांचें मानेवर घेण्यास त्या आल्या नव्हत्या.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, गांवोगांवीं व्याख्यानें दिलीं, आणि बोस्टन येथें त्यांच्या कार्यास मदत देणारी एक मंडळी उभी राहिली. तिनें दहा वर्षें द्रव्यसाहाय्य देण्याचें मान्य केलें. अट एवढीच कीं, विधवांसाठीं काढावयाचें घर कोणत्याही पंथाचें असूं नये. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस 'शारदा सदन' उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर लोक सल्लागार होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती.

येथपर्यंत सर्व सुरळीत होतें. मग वादळ उठलें. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. कांहींच्या मनांत ख्रिस्ती धर्माविषयीं ओढ उत्पन्न झाली. लोकमान्यांच्या 'केसरी'नें टीकेची झोड उठविली, आणि १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांनींही सल्लागारपद सोडलें. पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या.

या प्रकरणीं आजवर दोन पक्ष भांडत आले आहेत. आम्हांला दोहोंच्याही बोलण्यांत तथ्य दिसतें, आणि म्हणूनच हें प्रकरण टाकून पुढें जातां येत नाहीं. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, मी कोणास बोलावीत नाहीं. पण माझ्या प्रार्थनेच्या खोलीचें दार मी लावून घेणार नाहीं. ज्या श्रद्धेनें मला हें घर काढण्यास लाविलें तिला लपवून मी या मुलींपुढें कोणत्या तोंडानें वावरूं? हें प्रामाणिक माणसाचें बोलणें आहे. उलट रानडे-भांडारकरांचा आक्षेपही हलक्या मनाचा नव्हता. ज्या मुलीला दुसरें छप्परच नाहीं, तिच्या अन्नदात्रीच्या खोलीचें दार हें नुसतें दार नसतें. तेथें बोलावणें न करतांही बोलावणें घडतें. आश्रितानें दिलेला होकार कितपत मोकळा, ही शंका सेवा करणारानें स्वतःच स्वतःला विचारावयाची असते. आणि विश्वासानें मुली धाडणाऱ्या पालकांना ती विचारण्याचा हक्क होताच.

पुढें हा प्रश्न अधिकच बिकट झाला. १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता येतांच बाईंना आपल्या बाळपणीची भूक आठवली असली पाहिजे. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व हाडांचे सांपळे झालेल्या सुमारें ३०० मुली त्यांनीं आणविल्या. पुण्यांत प्लेग सुरू होता. इतक्या मुलींना शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. तेव्हां केडगांवास सदनाच्या खर्चासाठीं म्हणून घेतलेल्या जमिनीवर झोंपड्या उभ्या राहिल्या. त्यांचेंच पुढें 'मुक्ति' झालें. बोस्टनच्या मंडळीशीं केलेल्या कराराचीं दहा वर्षें १८९८ सालीं संपलीं, आणि नवी संस्था उघडपणें ख्रिस्ती म्हणून चालूं लागली. १९०० च्या सुमारास, गुजराथेंतील दुष्काळानंतर, येथें १५०० हून अधिक स्त्रिया व मुलें राहत होतीं. शेती, विहिरी, दूधदुभतें, विणकाम, छापखाना हीं सर्व कामें बायकाच करीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं 'कृपा सदन' झालें. फुलॅमला पाहिलेलें घर असें पंधरा-सोळा वर्षांनीं महाराष्ट्राच्या माळरानावर आलें. अंध स्त्रियांना मनोरमाबाईंनीं बोटांनीं वाचण्याची ब्रेल लिपि शिकविली.

सेवा म्हणजे केवळ जखम बांधणें नव्हे, जखम कोणी केली तें बोलणेंही होय, हें त्या जाणत होत्या. १८९७ च्या प्लेगांत पुण्याच्या दवाखान्यांत स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविषयीं त्यांनीं वृत्तपत्रांत उघड पत्र लिहिलें. सरकारला तें झोंबलें. ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या चुका ख्रिस्ती स्त्रीनें झांकाव्या, असें त्यांना वाटलें नाहीं.

परंतु केडगांवच्या मुलींना आक्षेप घेण्यास पालकच नव्हते. पुण्यास जी शंका रानड्यांनीं विचारिली, ती येथें विचारणारा कोणी उरला नाहीं. या मुलींचें ख्रिस्ती होणें किती अंशीं श्रद्धेचें व किती अंशीं अन्नाच्या कृतज्ञतेचें, हें त्या मुलींनाही सांगतां आलें नसतें. येथें आम्ही बाईंची सर्वस्वीं तरफदारी करूं इच्छित नाहीं. मात्र त्यांच्यावर रागावणाऱ्या आमच्या पूर्वजांना एक प्रश्न विचारल्यावांचूनही राहवत नाहीं. ज्या मुली बाटल्या म्हणून आपण हळहळलों, त्या उपाशी मरत होत्या तेव्हां आपण कोठें होतों?

या प्रश्नाचें सर्वांत चांगलें उत्तर ज्या गृहस्थानें दिलें, त्याचें घरही शारदा सदनाशींच जोडलेलें आहे. सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. रमाबाईंच्या सहवासांत चार वर्षें राहून ती शिकली, धीट झाली, पण ख्रिस्ती झाली नाहीं. ज्या वर्षीं सदनावर वादळ कोसळलें, त्याच १८९३ सालीं ११ मार्च रोजीं धोंडो केशव कर्वे यांनीं तिच्याशीं पुनर्विवाह केला. तीच पुढें आनंदीबाई कर्वे अथवा बाया कर्वे म्हणून ओळखली गेली. १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला व तो पुढें हिंगण्यास नेला. शिव्याशाप देण्यापेक्षां दुसरें दार उघडणें बरें, हें कर्व्यांनीं करून दाखविलें; आणि तें दार उघडण्याचें धैर्य ज्या घरांत आलें, त्या घरची गृहिणी रमाबाईंच्या दारांतून आली होती.

आमच्या मतें श्रद्धेची सेवा व स्वार्थाची सेवा यांतील भेद ओळखण्याची हीच खूण होय. सेवा करणारानें आपली श्रद्धा लपवावी असें नाहीं; दिव्याला उजेड लपवितां येत नाहीं. परंतु जिची सेवा केली ती आपल्याच वाटेनें आली नाहीं, तरी सेवेंत उणें पडतें काय, हें पाहावें. गोदूबाई आपल्या वाटेनें गेली, तरी रमाबाईंची विद्या तिच्याबरोबर गेली. शोमरोनी स्त्रीपाशीं ख्रिस्तानें आधीं पाणी मागितलें, हेंही येथें आठवावें. देणारा जेव्हां घेणाराही होतो, तेव्हांच दान ओझें होत नाहीं.

रमाबाईंचीं अखेरचीं वर्षें बायबलाच्या मराठी भाषांतरांत गेलीं. त्यासाठीं त्या उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकल्या. अडाणी बाईलाही समजावी अशी सोपी भाषा त्यांनीं योजिली. खिळे मुक्तींतल्या मुलींनींच जुळविले. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या. हा आघात सोसून त्यांनीं भाषांतराचें काम उरकलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवला. ज्या विदुषीची संस्कृतावर पंडितांना भुरळ पाडील अशी सत्ता होती, तिनें शेवटीं आपली सगळी विद्या निरक्षर बायकांच्या बोलीपुढें वांकविली. त्यांच्या सेवेंत याहून मोठा त्याग आम्हांला दिसत नाहीं.

केडगांवचें 'मुक्ति' आजही आहे. देहूरोडच्या फलाटावरून दररोज किती तरी माणसें उतरतात. कोणी इंद्रायणीच्या वाटेनें जातो, कोणी बुद्धविहाराच्या, कोणी रविवारच्या उपासनेस. कोण कोठें जातो हें त्याचा त्यानें ठरवावें. वाटेंत कोणी पडलेला दिसला तर थांबणारा कोण, एवढेंच पाहण्याचा अधिकार इतरांस आहे.