स्पेनच्या चौकातील पाटी

रोमच्या यात्रेस गेलेल्या आपल्या भाविकांपैकी पुष्कळांनी 'पियात्सा दि स्पान्या' हा चौक पाहिलेला असेल. निष्कलंक गर्भसंभवाच्या सन्मानार्थ १८५७ साली उभारलेला स्तंभ त्या चौकालगतच आहे. तेथून त्रिनिता देई मोंती चर्चकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या पायथ्याशी, उजव्या हाताला, २६ क्रमांकाचे घर लागते. त्याच्या भिंतीवरील पाटी मात्र घाईतल्या यात्रेकरूच्या नजरेतून सहज निसटते. इंग्लिश कवी जॉन कीट्स २४ फेब्रुवारी १८२१ रोजी या घरात निवर्तला, असे ती सांगते. कवीचे चरित्रकार २३ तारीख देतात. एका दिवसाचा हा फरक आला कोठून?

कीट्सचा जन्म लंडनचा, ३१ ऑक्टोबर १७९५ चा. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८१६ साली त्याने व्यवसायाचा परवाना मिळवला, पण मन रमले ते काव्यात. आई आणि धाकटा भाऊ टॉम यांना क्षयाने नेले होते. फेब्रुवारी १८२० मध्ये खोकताना रक्त पडले, तेव्हा त्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. इटलीच्या उबदार हवेत उतार पडेल या आशेने मित्रांनी त्याला पाठवले. सोबत होता जोसेफ सेव्हर्न हा तरुण चित्रकार. नेपल्सच्या बंदरात दहा दिवस विलग राहून १५ नोव्हेंबर १८२० रोजी दोघे रोमला पोहोचले आणि या घरात राहू लागले.

येथे कवीने एकही कविता लिहिली नाही. सेव्हर्न भाड्याच्या पियानोवर त्याला हायडनचे संगीत ऐकवी, स्वयंपाक करी, रात्री उशाशी जागे. अशाच एका रात्री, अकराच्या सुमारास, त्याच्या मिठीत कवीने प्राण सोडला. वय अवघे पंचवीस.

लंडनच्या घड्याळाप्रमाणे ती २३ फेब्रुवारीची रात्र होती. परंतु पोपच्या अमलाखालील त्या वेळच्या रोममध्ये दिवस मध्यरात्री बदलत नसे. सूर्यास्तानंतर 'आवे मरिया'ची घंटा झाली की नव्या दिवसाचे तास मोजण्यास प्रारंभ होई. त्या हिशेबाने २४ तारीख लागून काही तास लोटले होते. अभ्यासक तारखेचा उलगडा असा करतात. आदल्या सायंकाळच्या प्रार्थनेने सणाचा प्रारंभ मानणाऱ्या आपणांस ही कालगणना परकी वाटू नये.

रोमने या परक्या कवीला कसे वागवले? कायद्यानुसार त्याच्या खोलीतील सामान जाळण्यात आले, भिंती खरवडण्यात आल्या. इंग्रजांना हा जुलूम वाटला, परंतु क्षय संसर्गजन्य आहे हे पुढे १८८२ साली कॉखच्या शोधाने सिद्ध झाले. बिगर-कॅथॉलिकांच्या दफनाबाबतच्या त्या काळच्या रिवाजाप्रमाणे २६ तारखेस पहाट होण्यापूर्वीच त्याला मूठमाती देण्यात आली. हा रिवाज आज आम्हांस बोचतो, हे मान्य केलेच पाहिजे.

टीकाकारांनी दुखावलेल्या कीट्सने आपल्या थडग्यावर नाव नको, असे सांगून ठेवले होते. आपले नाव पाण्यावर लिहिलेले, अशा अर्थाची एकच ओळ त्याला हवी होती. म्हणून थडग्यावर 'तरुण इंग्लिश कवी' एवढीच ओळख आहे. तारीख तेथेही २४ आहे. त्याने दफनभूमीत टाळलेले नाव चौकातील या घराच्या भिंतीवर कोरले गेले.

पुढे त्याच्या चाहत्यांनी हे घर १९०६ साली विकत घेतले आणि १९०९ मध्ये तेथे कीट्स व शेली यांचे स्मृतिसंग्रहालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४२ मध्ये, तेथील सर्वांत मौल्यवान ठेवा दोन पेट्यांत भरून मोंते कासिनोच्या बेनेडिक्टाइन मठात पाठवण्यात आला. पेट्यांवर नाव घातले नव्हते. ऑक्टोबर १९४३ मध्ये मठ रिकामा करण्याची वेळ आली, तेव्हा तेथील अभिलेखपाल धर्मगुरूंनी त्या पेट्या आपल्या खासगी सामानात ठेवून सुखरूप बाहेर काढल्या. पुढे १५ फेब्रुवारी १९४४ रोजी बॉम्बवर्षावाने मठ उद्ध्वस्त झाला.

ज्याला रोमने अंधारात पुरले, त्याची स्मृती सव्वाशे वर्षांनी एका कॅथॉलिक धर्मगुरूने राखली. हे ऋण फेडण्यासाठी त्यांनी केले असेल, असे आम्ही म्हणणार नाही; हाती सोपवलेली ठेव त्यांनी सांभाळली, इतकेच. सेव्हर्न १८७९ साली वारला आणि मित्राच्या शेजारीच विसावला. त्यानेही तेच केले होते.

पाटीवरील तारीख कोणी दुरुस्त करावी, असे आम्हांस वाटत नाही. एक परदेशी मुलगा येथे, आवे मरियाच्या घंटेनंतर, या नगरीच्या दिवसात निवर्तला, एवढे त्या २४ आकड्यातून कळते.